नऊ दगडांचा नाच

माझ्या खांद्याचं आता असं झालंय की सकाळी वेणी घालायला हात वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, बाई, हे काय दगड फोडायचं वय आहे? मी त्यांना सांगते की मी दगड फोडत नाही, घडवते. पण खांद्याला त्यातला फरक कळत नाही आणि खरं सांगायचं तर आजकाल मलाही फारसा कळत नाही. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि शाळा सुटल्यावर, सुट्ट्यांमध्ये, शहापूरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे केलं. शेजाऱ्यांनी तो ठकठकाट कसा सहन केला देव जाणे. कधी कोणी तक्रार केली नाही. समोरच्या काकू फक्त अधूनमधून विचारायच्या, "मॅडम, पाटा-वरवंटा करून द्याल का एखादा?"

निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता बास. नवरा भातसा धरणावर नोकरीला होता म्हणून आम्ही शहापूरला आलो. तो गेल्यालाही सात वर्षं झाली. मुलगी तिच्या संसारात. शेड विकून टाकावी आणि तिथे कढीपत्ता, शेवगा लावावा असा माझा बेत होता. तेवढ्यात मुरबाड रस्त्यावरच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष दोन माणसं घेऊन घरी आले. नवी इमारत बांधली होती, पुढच्या अंगणात शिल्प हवं होतं. "आपल्या मातीतलं काहीतरी, मॅडम," असं तिघंही आळीपाळीनं म्हणाले.

नाही म्हणायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण "आपल्या मातीतलं" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दादा आला, आणि मी हो म्हणून बसले.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मुरबाडच्या पुढे, म्हसा गावाच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथे तो आणि वहिनी भात लावतात, वाल लावतात, दोन म्हशी आहेत. मी आयुष्यात जे जे केलं ते दादानं बघितलंय. शहापूरला आला की चहा पिऊन तो न चुकता शेडमध्ये जायचा. नवीन काम दिसलं की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि विचारायचा, "कुठच्या बाजूनं बघायचं गो हे?" चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच कळत नसे आणि खरंच बघायचं असे. मी लालबुंद व्हायचे. काही सांगायला लागले की तो मान डोलवायचा, एक फेरी मारायचा, हात फिरवायचा आणि म्हणायचा, "दगड चांगला हाय."

चाळीस वर्षं हे ऐकलं. मुंबईच्या प्रदर्शनात लोक माझ्या कामापुढे उभे राहून काय काय बोलले, त्यातलं एक अक्षर आज आठवत नाही. 'दगड चांगला हाय' मात्र आठवतं. मला एकच गोष्ट हवी होती. मी तोंड न उघडता दादानं एकदा माझ्या कामाकडे बघावं आणि ओळखावं, की हे आपलं आहे. हे शिल्प मी त्या संस्थेसाठी केलं असं तिथल्या फलकावर लिहिलंय, ते खोटं आहे.

दादा गौरीच्या नाचाचा म्होरक्या. गौरी बोळवायच्या दिवशी दुपारी आमच्या गावात पुरुषांचा नाच असतो. एकमेकांच्या कमरेत हात घालून ओळ धरायची, टोकाला म्होरक्या, मधे ढोलकीवाला, आणि त्याच्याभोवती ओळ फिरत राहते. बायका ओट्यांवरून बघतात. या नाचाला नियम एकच आहे. ढोलकी कानावर पडू द्यायची, पण नाचायचं ते पुढच्याच्या पायाकडे बघून. त्याचा पाय जसा पडेल तसाच आपला टाकायचा. तो त्याच्या पुढच्याकडे बघतो, तो त्याच्या पुढच्याकडे, आणि सगळ्यात पहिला म्होरक्याकडे. म्हणजे अख्खी ओळ एका माणसाच्या पायांनी नाचते. म्होरक्या चुकला तर सगळ्यांनी चुकायचं, ओळ तोडायची नाही. बाहेरून आलेला माणूस ढोलकीवर नाचायला जातो आणि दोन फेऱ्यांत पाय अडकून पडतो, पोरंसोरं हसतात.

वडिलांना दम्यानं गाठलं तेव्हा हा मान दादाकडे आला. मी तेव्हा मुंबईला कलाशाळेत पहिल्या वर्षाला होते. वसतिगृहातून दोन दिवसांची रजा काढून गौरीला घरी आले आणि आमच्या ओट्यावरून दादाला पहिल्यांदा ओळीच्या पुढे बघितलं. तीन पावलं पुढे. तिसऱ्या पावलाला सगळी ओळ गुडघ्यातून खाली गेली, आणि गेली ती लगेच वर आलीच नाही. थांबली. अर्धा श्वास असेल. ढोलकी पुढे निघून गेली आणि ओळ खालीच. मग एकदम उठली आणि ढोलकीला गाठलं. पुन्हा तीन पावलं, पुन्हा तेच.

लहानपणी मी वडिलांचा नाच बघितला होता, पण लहानपणी कोण नाच बघतं? तेव्हा सगळं लक्ष नैवेद्याकडे. बघायची नजर आली ती कलाशाळेत गेल्यावर, असं मी मानत होते. त्या अर्ध्या श्वासानं मला आयुष्यभर कामाला लावलं. मातीत केला, लाकडात केला, दगडात तर किती वेळा. दोन आकार एकमेकांना टेकायला जातात आणि टेकायच्या आधी थांबतात. ते सगळं त्या ओळीचं आहे. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगायचे, पोरांनो, हालचाल सगळेच काढतात, तुम्ही थांबणं काढा. मुलं वहीत लिहून घ्यायची आणि घोडाच काढायची, तोही पळणारा.

त्यावर माझा एक सिद्धांतही होता. भातलावणीत माणूस दिवसभर वाकलेला असतो. वाकलेली पाठ लगेच सरळ होत नाही, मधे थांबते. तो थकवा नाचात उतरला आहे. किती छान! संस्थेला जो प्रस्ताव दिला त्यात मी हे दीड पान लिहिलं. अध्यक्षांना इतकं आवडलं की त्यांनी त्यातल्या चार ओळी काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घेतल्या. शिल्पाचा पत्ता नव्हता, फलक आधी तयार.

दगड आमच्याकडचाच घेतला, काळा. खाणीवर जाऊन नऊ दगड निवडले. तिथे सगळ्याची खडी होते. खाणवाल्याला एवढे मोठे दगड न फोडता कोणी का नेतंय ते कळेना. "देवळाचं काम हाय का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, नाचाचं. त्यानं पैसे मोजून घेतले. नऊ दगड उभे करायचे, कमरेपासून छातीपर्यंत उंचीचे. तोंड नाही, हातपाय नाहीत. प्रत्येक दगड पुढे कललेला, आणि सगळ्यांच्या कमरेतून जाणारी एकच जाड लोखंडी पट्टी. पट्टी म्हणजे हात. पहिल्या दगडातून निघते, चढते, उतरते, आणि दर तिसऱ्या दगडापाशी खाली जाऊन वीतभर आडवी राहते. मग वर. बस, एवढंच शिल्प. सांगायला दोन मिनिटं लागतात आणि करायला पावणेदोन वर्षं लागली.

पट्टीसाठी मुरबाडला एक फॅब्रिकेशनवाला गाठला. ग्रिल, शटर, ट्रॉल्या बनवणारा, चाळिशीचा, बोलायला फटकळ. किन्हवलीमार्गे एसटीनं जायचं, दुपारभर त्याच्या डोक्यावर बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. गाडी वेळेवर आली तर. नाही आली तर जीपमध्ये एका मांडीवर बसून. माझ्या वयाच्या बायका आता देवदेव करतात, आणि मी डोक्याला रुमाल बांधून गॅस कटरच्या ठिणग्या चुकवत उभी.

माझी ड्रॉइंग बघून तो म्हणाला, "मॅडम, पट्टी अशी मधीच आडवी कशाला? पानी साचंल तिथं. गंजून जाईल."

"गंजू दे. तो थांबा आहे."

"कसला थांबा?"

मी म्हटलं, गौरीच्या नाचातला. त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली, दोन्ही हात मागे दोन अदृश्य माणसांच्या कमरेत घातले आणि दुकानाच्या फरशीवर तीन पावलं टाकून खाली गेला. थांबला. उठला. अगदी तंतोतंत.

"तुमच्या गावातही असंच?" मी विचारलं. त्याचं गाव आमच्यापासून चांगलं दहा-बारा किलोमीटर.

"असंच. आजा बोलायचा, तुमच्या म्हशाच्या बाजूनं आलं हे. पयले वेगळं होतं." आणि तो पुन्हा पट्टीकडे वळला. मला तेव्हा त्या 'पयले'बद्दल काही विचारावंसं वाटलं नाही. मी खूश होते, की माणसाला काम कळलं.

मार्गशीर्षात, मळणी चालू असताना दादा खळ्यात टेकला तो उठलाच नाही. डावी बाजू गेली. पंधरा दिवस कल्याणला इस्पितळात होता. मी रोज शहापूरहून जायचे, त्याच्या पायाला तेल चोळायचे. तो छताकडे बघत पडलेला. बोलणं जड झालं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची आणि ती पुसली की त्याला राग यायचा. ज्या पायांकडे बघून चाळीस वर्षं गाव नाचलं त्यातला एक नुसता पडून होता, लाकडासारखा. घरी आणल्यावर काठी धरून ओट्यापासून पडवीपर्यंत जायला लागला, एवढंच. म्हशाच्या जत्रेला बैलबाजारात तो दरवर्षी जायचा, बैल घ्यायचे नसले तरी. त्या वर्षी गेला नाही. जाणारे लोक ओट्याशी थांबून त्याला विचारून जायचे आणि तो फक्त मान हलवायचा.

डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याबद्दल वहिनीला सांगून ठेवलं होतं. वहिनीला गोडगोड बोलता येत नाही. तिनं मला विहिरीपाशी गाठून सांगितलं, "वन्सं, तुमचं ते दगडाचं लवकर करा. रोज इचारतात मला, झालं का, झालं का. मी काय सांगू? मी काय दगड घडवते?"

"काय विचारतो नेमकं?"

"तेच. कुठच्या बाजूनं बघायचं हाय ते."

मी शहापूरला परत आले आणि त्यानंतरचे तीन महिने मला नीट आठवत नाहीत. पहाटे उठायचं, छिन्नी घ्यायची, हात उचलेनासा झाला की ग्राइंडर, ग्राइंडरनं बोटं बधिर झाली की परत छिन्नी. दगडाची भुकटी भातात, भुकटी अंथरुणात. मुलगी फोनवर रडकुंडीला यायची, आई, माणसं लाव. खाणीवरचे दोघंजण ओबडधोबड काढून द्यायचेच, पण शेवटचा हात मी दुसऱ्याला लावू दिला नाही. हट्ट होता, झालं. रात्री आडवी झाले की एकच विचार यायचा, की दादा गेला आणि हे नऊ दगड शेडमध्येच राहिले तर? मग मला सगळ्या जगाचा राग यायचा. अध्यक्षांचा, एसटीचा, माझ्या खांद्याचा आणि दादाचासुद्धा, की यानं आत्ताच का पडावं.

अध्यक्षांचं वेगळंच. ते मधे एकदा बघायला आले, शेडमध्ये दगडांमधून फिरले आणि म्हणाले, "मॅडम, छानच. पण यात बाई कुठंय?"

"कसली बाई?"

"नाचणारी. नऊवारीतली. आमच्या मंडळींची अपेक्षा होती की एक हात असा वर, कमरेवर घागर वगैरे."

मी म्हटलं, हा पुरुषांचा नाच आहे. ते म्हणाले, मग फेटेवाले पुरुष दाखवता येतील का? मी म्हटलं, तुमच्या फलकावर जे कोरलंय ते परत एकदा वाचा. ते निघाले. जाताजाता एवढंच म्हणाले की पट्टीला निदान सोनेरी रंग द्या. मी हो-हो म्हटलं आणि दिला नाही.

वैशाखात बसवायला घेतलं. टेम्पोच्या तीन खेपा झाल्या, दगड उचलायला हायड्रा क्रेन आली, उन्हानं लोखंडाला हात लावता येत नव्हता. नऊही दगड उभे राहिले आणि पट्टी बसवताना तिसऱ्या दगडापाशी अडलं. खाच दोन बोटं खाली गेली होती. फॅब्रिकेशनवाला घामाघूम. म्हणाला, "मॅडम, ही आडवी मोडच काढतो. सरळ वर नेतो पट्टी, अर्ध्या तासात बसंल. कोनाला कळनार पन नाय."

मी ओरडले. इतकी ओरडले की हायड्रावाला खाली उतरला. म्हटलं, हा थांबा काढलास तर बाकी सगळं भंगारात घाल, मला नको. त्या माणसाचा काही दोष नव्हता, बिचारा उपाशी होता, मीही उपाशी होते. मग मीच छिन्नी घेऊन बसले आणि दुपारभर त्या दगडाची खाच वाढवली. उठले तेव्हा उजव्या हातात छिन्नी धरवत नव्हती. पण पट्टी बसली. खाली गेली, वीतभर आडवी राहिली, वर आली. मी तिथेच पायरीवर बसून पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, दादा, आता ये.

उद्घाटन अकराचं होतं. म्हणजे पाहुणे एकच्या आत येत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून वहिनीला दहालाच यायला सांगितलं होतं. भाच्यानं, दादाच्या मुलानं, गाडी लावून दिली. दादाला धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. दोघा-तिघांनी धरून त्याला उतरवलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, शिल्पाच्या बरोबर समोर. वहिनी पाणी बघायला गेली. तिकडे मांडवात माइकवाला हॅलो हॅलो करत होता. मी खुर्चीच्या मागे उभी राहिले. ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही.

तो बराच वेळ बघत राहिला. 'कुठच्या बाजूनं' हे त्यानं विचारलं नाही. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, टोपी दिसत होती. टोपी पहिल्या दगडाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, हळूहळू सरकत गेली, शेवटपर्यंत, आणि परत पहिल्यावर आली. मग माझं लक्ष खाली गेलं. त्याचा चांगला पाय, उजवा, वहाणेतून बाहेर आला होता आणि मातीवर हळूच आपटत होता. एक. दोन. तीन.

"गौरी," दादा म्हणाला.

मी पुढे येऊन त्याच्यासमोर उकिडवी बसले. माझं वय विसरून बसले, गुडघे कडाकडा वाजले. "ओळखलंस?"

"मंग?" त्याचा अर्धा ओठ हसला. "ह्यो पुढचा मीच ना?"

"तूच."

मला एवढा आनंद शेवटचा कधी झाला होता ते आठवत नाही. पावणेदोन वर्षांचा शीण, तो खांदा, ती एसटी, सगळं त्या क्षणी वसूल झालं. कोणी उद्घाटन केलं नसतं तरी चाललं असतं. मी त्याचा लुळा हात हातात घेऊन बसून राहिले.

मग त्यानं उजव्या हाताचं बोट उचललं आणि पट्टीकडे दाखवलं, तिसऱ्या दगडापाशी, जिथे ती आडवी होती. "ह्ये कशाला ठेवलंस?"

"तो थांबा आहे ना, दादा. तिसऱ्या पावलाचा."

"ते नाचातलं नाय." त्याला एकेक शब्दाला वेळ लागत होता. "बा तसा नाचायचा नाय. बा खाली गेला का लगेच वर."

मला वाटलं, झटक्यानंतर त्याचा गोंधळ होतोय. मी म्हटलं, अरे, मी स्वतः बघितलंय, तू पहिल्यांदा पुढे होतास त्या वर्षी. तो मान हलवत राहिला. त्यानं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तुटक तुटक, मधे श्वास घेत. त्या वर्षी लावणीत रोपांचा भारा घेऊन जाताना तो बांधावरून घसरला होता आणि उजवा गुडघा पिळवटला होता. घरात बोलला नाही, कारण बोलला असता तर म्होरक्याचा मान दुसऱ्याला गेला असता. गौरी आल्या, नाचाला उभा राहिला. तिसऱ्या पावलाला उजव्या पायावर खाली गेला की कळ यायची आणि वर येता यायचं नाही. कळ जाईपर्यंत खालीच राहायचा. आणि मागची ओळ त्याच्या पायाकडे बघून नाचत होती, तीही राहायची.

"बा जाम भडकला," दादा म्हणाला. "बोलला, ह्यो काय नाच हाय? लंगडा केलास."

मी त्या नऊ दगडांकडे बघितलं. पलीकडे काळ्या ग्रॅनाइटवर माझ्या चार ओळी उन्हात चमकत होत्या, वाकलेल्या पाठीचा थकवा आणि काय काय. मला हसू आलं असतं, पण आलं नाही. आयुष्यभर ज्याला मी आपल्या मातीचं म्हणत आले ती एका बावीस-चोवीस वर्षांच्या पोराच्या गुडघ्यातली कळ होती, आणि दहा किलोमीटरवरच्या गावातली माणसंही ती मनापासून नाचत होती. आणि मला त्याच्या तोंडावर ती दिसली नव्हती. ओट्यावर बसून मी चित्रं काढत होते.

"मग गुडघा कधी बरा झाला?"

"शिमग्याला. पळायला लागलो."

"मग पुढच्या वर्षी का नाही सोडलंस ते? सरळ नाचायचंस ना, बा नाचायचा तसं." माझा आवाज चढला होता. मला त्याचा रागच आला होता. चाळीस वर्षं एक शब्द बोलला नाही हा माणूस.

तो माझ्याकडे बघायला लागला, मला समजत कसं नाही असं बघावं तसं.

"तूच बोललीस," तो म्हणाला. "त्या दिवशी. पानी द्यायला आलीस मला. दादा, मधी थांबता ना, ते लय छान दिसतं."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मी म्हटलं असेन. त्या वयात मी सगळ्याला छान म्हणत होते.

"आमाला कुठं कळतं त्यातलं," दादा म्हणाला. "तू शिकायला गेलेली. मला वाटलं, पुढच्या वर्षी येशील, तर असू दे. तुला बघायला."

"मग?"

"मंग तू आलीच नाय."

तक्रार नव्हती त्यात. गाडी आली नाही असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. मी आठवायला लागले. दुसऱ्या वर्षी कॉलेजची सहल होती. तिसऱ्या वर्षी परीक्षा. मग नोकरी, लग्न, मुलगी. नंतर जी पाच-सहा वर्षं गौरीला गेले, ती कुठली होती, तेही सांगता येईना.

"दर वर्षी वाटायचं, येल," दादा म्हणाला. "मंग सवय झाली सगल्यांना."

मांडवातून मला बोलावणं आलं. अध्यक्ष आले होते, पाहुणे आले होते, फीत कापायला मी हवी होते. एक जण आला, मग दुसरा आला, मग माइकवरूनच माझं नाव पुकारलं. मी दादाच्या खुर्चीला टेकून मातीत बसले होते आणि उठले नाही. फीत कोणी कापली ते मी बघितलं नाही.